माठातलं विसण

वर्धा
१४ जून १९७९

चि. कोकिळास आशीर्वाद.

जावईबापू रूपरावांचं पत्र मिळालं. मीराला पुन्हा जुलाब. उन्हाळ्यात महिनाभर तू तिला घेऊन माझ्याकडे होतीस, त्या महिन्यात पोरीचं पोट एकदाही बिघडलं नाही. सासरी परत गेलीस आणि आठवडा उलटायच्या आत पुन्हा तेच. जन्मल्यापासून ही कितवी खेप, ते तूच आठव. दोन वर्षांच्या जिवाने किती सोसायचं?

मी सारा जन्म मुलींना शास्त्र शिकवलं. योगायोगावर माझा विश्वास नाही. दोन्हीकडे वरणभात तोच, आई तीच. फरक फक्त पाण्याचा. तुमच्या घरचं पाणी चांगलं नाही. कुठलं पाणी पिता, कोण भरतं, कशात ठेवता, सविस्तर कळव. ‘सगळं ठीक आहे’ असलं उत्तर नको.

पोरीला मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने देत राहा. जुलाब होतात म्हणून पाणी तोडायचं नाही, कोणी काहीही सांगो. कार्ड भरलं.

तुझी आत्या,
अनुसया


कारंजा (घाडगे)
२३ जून १९७९

ती. आत्याबाईंस साष्टांग नमस्कार.

मीरा बरी आहे. काल पोळीचा तुकडा घेऊन कोंबडीमागे धावली. तुम्ही सांगितलं तसं पाणी दिलं, त्याचा उपयोग झाला.

आधी एक विनंती. कृपा करून पोस्टकार्ड पाठवू नका. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून आमचा पोस्टमन हिरालाल आलेलं कार्ड ओसरीवर उभं राहून मोठ्याने वाचतो आणि चहा घेऊन जातो. ‘तुमच्या घरचं पाणी चांगलं नाही’ इथवर येऊन तो थबकला. शेजारच्या दोघी तेव्हा आमच्याच विहिरीवर पाणी भरत होत्या. सासूबाई म्हणाल्या, “वाच ना बाप्पा पुढं! थांबला काऊन?” त्याने सगळं वाचलं. चहा न घेता गेला.

आता पाण्याचं. आवारात आमची विहीर आहे, बांधलेली, गोठ्याच्या अलीकडे. देवळाजवळ सरकारी हातपंप आहे, पण त्याचं पाणी कोणी पीत नाही. सासूबाई पाण्याची पारख तुरीच्या डाळीवर करतात. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला दोन पातेल्यांत डाळ लावून दाखवली होती. विहिरीच्या पाण्यातली लोण्यासारखी झाली, पंपाच्या पाण्यातली तशीच टणक. “पाह्य कोकिळे, जे पाणी डाळीले शिजवत नाई, ते पोटात काय शिजवन?” अर्धी गल्ली डाळीसाठी आमच्याकडून पाणी नेते. सासूबाई कोणाला नाही म्हणत नाहीत. या विहिरीचा त्यांना फार अभिमान आहे.

म्हणून तुमचं वाक्य त्यांना लागलं. त्यातून मीराच्या बारशाची गोष्ट त्या विसरलेल्या नाहीत. तुम्ही वर्ध्याहून बाटलीत पाणी आणलं होतं आणि दिवसभर तेच प्यालात. अजून कधीतरी म्हणतात, “इहीणबाईनं आपल्या घरचं पाणी तोंडाले लावलं नाई.”

रागावू नका. विचारलंत म्हणून सगळं लिहिलं.

तुमची
कोकिळा


वर्धा
२ जुलै १९७९

चि. कोकिळास आशीर्वाद.

हे आंतर्देशीय पत्र आहे. हिरालालला चहा दे, त्याचा काय दोष?

डाळीची परीक्षा खोटी नाही, पण ती वेगळ्या विषयाची आहे. पाण्यात क्षार जास्त असले की डाळ शिजत नाही, एवढंच ती सांगते. रोगाचे जंतू डाळीला शिजू देतात, साबणाला फेस येऊ देतात आणि चवीलाही कळत नाहीत. गोड पाणी म्हणजे शुद्ध पाणी, ही समजूत माझ्या बी.एस्सी. झालेल्या मैत्रिणींचीही होती, तेव्हा तुझ्या सासूबाईंना मी वेडं म्हणत नाही. पण विहिरीशेजारी गोठा आहे, हे तूच लिहिलंस. पाऊस पडला की गोठ्यातलं पाणी कुठे जातं? मोठ्या माणसांची पोटं सरावलेली असतात. मीराचं पोट नवं आहे.

उत्तम म्हणजे प्यायला पंपाचं, डाळीला विहिरीचं. पण आवारात विहीर असताना घरची सून सरकारी पंपावर उभी राहिलेली तुझ्या सासूबाईंना चालणार नाही, हे मला दिसतं. तर मग उकळ. दुहेरी फडक्यातून गाळून घे. गाळल्याने केरकचरा जातो, जंतू जात नाहीत. तुरटीनेही गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून चांगली खळखळ उकळी येऊ दे, ती काही वेळ टिकू दे, झाकून निवू दे. माठ आतून घासून, उकळत्या पाण्याने विसळून मगच भर. माठात हात आणि पेला बुडवायचा नाही. लांब दांड्याचं ओगराळं ठेव.

बाटलीविषयी: मी कुठेही गेले तरी बाटली नेते. नागपूरला सख्ख्या भावाकडे जाते तेव्हाही नेते. त्यात कोणाचा अपमान नाही.

आत्या


कारंजा (घाडगे)
२४ जुलै १९७९

ती. आत्याबाईंस साष्टांग नमस्कार.

रोज सकाळी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ करून मोठ्या गंजात पाणी उकळते. पऱ्हाट्या ओल्या असल्या की घरभर धूर होतो. ‘हे’ म्हणाले, “आत्याबाईंनी घरात आगगाडी आणली.” सासूबाईंनी चार दिवस पाहून घेतलं. मग म्हणाल्या, “उकळून उकळून पाण्याचा जीव घेतला पोरीनं. मेलं पाणी पाजशील का लेकराले?” मी म्हटलं, “माय, मीरासाठी एवढं करू द्या.” मीराचं नाव काढलं की त्यांचं सगळं वितळतं.

आणि गंमत सांगते. आठवड्याभरात त्याच म्हणाल्या, “तू सैपाक पाह्य. माठ म्या भरतो.” आता मी पाणी उकळून उतरवते आणि पोळ्यांना बसते. निवल्यावर माठात त्या भरतात. ओगराळंही त्यांनीच बाजारातून आणलं, पितळेचं. माठ घासतात तर असा की पाहत राहावं. मला वाटलं होतं त्या आडव्या येतील. तुमचं म्हणणं त्यांना आतून पटलं असावं.

मीरा छान आहे. तुमच्या फोटोला ‘बाटली’ म्हणते. हे कोणी शिकवलं ते मी सांगणार नाही.

कोकिळा


वर्धा
१ ऑगस्ट १९७९

चि. कोकिळास आशीर्वाद.

ठीक. तुझं कौतुक आहे, विहीणबाईंचंही. पाऊस वाढतो आहे, एक दिवसही खंड पडू देऊ नकोस. मीराला सांग, मी ‘बाटली’ नाही, ‘आजी’ आहे.

आत्या


वर्धा
८ सप्टेंबर १९७९

कोकिळा,

काल आर्वीच्या दवाखान्यात मीराला पाहून आले. वर सलाइनची बाटली टांगलेली, खाली पोर, डोळे खोल गेलेले. तुझ्यासमोर, तुझ्या सासूबाईंसमोर मी बोलले नाही. आता लिहिते.

स्वच्छ उकळलेलं पाणी पिऊन मूल असं आजारी पडत नाही. तू पाणी रोज उकळत नाहीस. पऱ्हाटी ओली होती, घरात पोळ्याच्या सणाची गडबड होती, आज राहू दे, उद्या उकळू. मी तुला लहानपणापासून ओळखते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘सगळं झालं’ म्हणायचीस आणि निम्मं झालेलं नसायचं.

दसऱ्याला मी कारंजाला येते आहे. मीराला घेऊन जाईन. पुढचा पाऊस संपेपर्यंत ती वर्ध्याला राहील, वाटलं तर शाळेत जाईपर्यंत. रूपरावांना सांगून ठेव.

अनुसया


कारंजा (घाडगे)
१४ सप्टेंबर १९७९

ती. आत्याबाईंस नमस्कार.

मीराला घरी आणलं. पेज घेते. उचलून घेतली की मान खांद्यावर टाकते आणि तशीच पडून राहते.

मी पाणी रोज उकळलं. पोळ्याच्या दिवशीही. आई गेल्यावर तुम्ही मला वाढवलं, त्या घरात मी परीक्षेबद्दल खोटं बोलले असेन, पण माझ्या मुलीच्या जिवावर बोलणार नाही. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाही.

तिला नेलंत तर लोक म्हणतील, कोकिळाला लेक सांभाळता आली नाही. ते मी ऐकून घेईन. पण तिच्यावाचून हे घर कसं होईल, ते मला माहीत नाही. सासूबाई तिच्याशिवाय घास तोंडात घालत नाहीत. तरीही ती इथे जगणार नसेल, तर न्या. मी आडवी येणार नाही.

कोकिळा


कारंजा (घाडगे)
२० सप्टेंबर १९७९

ती. आत्याबाईंस साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आधीच लिहिते, कारण आज सकाळी मला कळलं.

माझं कुठे चुकतं ते पाहायचं ठरवून आज मी पोळ्यांना बसलेच नाही. पाणी उतरवलं आणि दाराआड भाजी निवडत राहिले. सासूबाईंनी गंजातलं पाणी माठात ओतलं. मग विहिरीतून नुकत्याच काढलेल्या बादलीत तांब्या बुडवला, कपाळाला लावला, तोंडाने “मीरा, मीरा” म्हणाल्या आणि तो तांब्या माठात रिकामा केला.

“माय, हे काय?”

“विसण टाकतो वं.”

“रोज टाकता?”

“मंग? कढत पाणी बिना विसणाचं आंगावर तरी घेते का कोनी? लेकराच्या पोटात तसंच टाकू? उकळून त्याचा जीव गेला राह्यते. ताजा तांब्या पडला का जीव येते पाण्यात.” मग हळूच म्हणाल्या, “पोळ्याच्या टायमाले पोरगी सुकल्यावानी दिसली, तवापासून म्या दोन टाकून राह्यली.”

आत्याबाई, आंघोळीच्या पाण्याला विसण घालतात ते आपल्याकडेही घालतात. माठातल्या पाण्याला घालतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माठ भरायला त्यांनी का मागितला, तेही आज कळलं. मी उकळायची आणि त्या जीव घालायच्या. त्यांच्या मते आम्ही दोघी मीरासाठी एकच काम करत होतो.

मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. तुम्हीही ओरडू नका.

कोकिळा


वर्धा
२४ सप्टेंबर १९७९

चि. कोकिळास आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली. आधी पहिलं वाचलं. ते घडी करून माझ्या वहीत ठेवलं आहे.

दुसरं वाचून मी संतापले, एवढी की दूध उतू गेलं. मग ‘दोन टाकून राह्यली’ हे पुन्हा वाचलं आणि कोणावर संतापावं ते कळेना. पोर आजारी पडते म्हणून औषध वाढवायचं, आणि औषधानेच ती आजारी पडते. असं प्रेम शास्त्राच्या पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर उपायही नाही.

पण तो तांब्या बंद झालाच पाहिजे. उकळलेल्या माठात कच्च्या पाण्याचा एक तांब्या म्हणजे सगळी मेहनत वाया. आज सांग, उद्यावर टाकू नकोस. सांगताना माझं नाव घेऊ नकोस. माझं नाव निघालं तर त्या तिसरा तांब्या टाकतील.

दसऱ्याला येणार होते ते पुढे ढकलते. दिवाळीपर्यंत वाट पाहते. तोवर पोरीचं पोट नीट राहिलं नाही, तर मात्र मी तिला नेणार. हे धमकी म्हणून लिहीत नाही. मला तिचे आर्वीचे डोळे विसरता येत नाहीत.

आत्या


कारंजा (घाडगे)
८ ऑक्टोबर १९७९

ती. आत्याबाईंस साष्टांग नमस्कार.

सांगितलं. जंतू वगैरे म्हटलं नाही. त्यांना विहिरीपाशी नेलं आणि विचारलं, “माय, पाऊस जोराचा झाला का गोठ्यातलं पाणी कुठं जाते?” त्यांनी गोठ्यापासून उकिरड्यावरून विहिरीपर्यंतच्या उतारावर नजर फिरवली. मग म्हणाल्या, “भादव्यात पाणी जरा गढूळ लागते खरं. विहीरबी बिमार पडत असन का?” मी म्हटलं, “पडते, माय. माणसावानीच.” तेव्हा त्या कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “मंग म्या माह्या हातानं पाजलं का पोरीले?” आणि रडायला लागल्या. मी सून होऊन आल्यापासून त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

आता विसण टाकूच नका, असं त्यांना सांगायचा मला धीर होईना. मीराचं नाव घेऊन रोज जे करतात, ते हातातून काढून घेतलं तर त्या माठाजवळ पुन्हा येणार नाहीत. आणि लपून टाकतील, तर मला कळणारही नाही.

म्हणून असं केलं. आदल्या दिवशी उकळलेलं पाणी एका पितळी गुंडात झाकून ठेवलं. सकाळी ते पुढे केलं. “विसण टाका, पण ह्या गुंडातलं.”

“हे तं मेलं पाणी हाये.”

“मेलं कसं? आपल्याच विहिरीचं हाये. रातभर आपल्या घरात राह्यलं, आपल्यासारखंच निजलं, गार होऊन उठलं.”

त्यांनी माझ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. “हे तुह्या आत्यानं शिकवलं का?”

“नाई माय, मीच.”

“मंग ठीक हाये.” आणि तांब्या कपाळाला लावला.

गुंड रोज कढत पाण्याने विसळते. तांब्याही. आता मी पोळ्यांना बसते आणि मागे वळून पाहत नाही. एवढं मात्र सांगा, यात शास्त्राच्या दृष्टीने काही चुकतं का?

कोकिळा


वर्धा
१३ ऑक्टोबर १९७९

चि. कोकिळास आशीर्वाद.

काही चुकत नाही. मी तीन वेळा तपासून पाहिलं. गुंड झाकलेला हवा आणि तांब्याला बाहेरचं पाणी लागता कामा नये, एवढंच.

मला हे सुचलं नसतं. मी तांब्या बंद करायला निघाले होते.

आत्या


कारंजा (घाडगे)
१६ डिसेंबर १९७९

(माय सांगते तसंच लिहितो आहे, माझा एक शब्द नाही. – रूपराव)

इहीणबाईले रुख्माबाईचा नमस्कार.

दिवाळी झाली, थंडी पडली, मीराचं पोट एकदाबी बिघडलं नाई. गालावर मास चढलं. तुमी दिवाळीले तिले न्याले येनार होत्या, मले मालूम हाये. आल्या नाई, बरं झालं. आल्या असत्या तं म्या दारात आडवी बसली असती.

तुमी कोकिळेले लई बोलल्या. बोलाच्या होत्या तं मले बोलाच्या. पोरीनं सारं आपल्यावर घेतलं. तुमी वाढवली, तुमच्यावानीच हाये, आयकत कोनाचंच नाई, पर गोड बोलते. ते कुठून शिकली कोन जाने.

रूपरावनं उकिरडा उचलून वावरात नेला. विहिरीचा कठडा वर घेतला. तुमच्यासाठी नाई, मीरासाठी.

आता हुरडा आला हाये. तुमी या. बाटली आणाची असन तं आणजा, पर रिकामी आणजा. जातानी म्या भरून देतो. विसण म्या माह्या हातानं टाकतो, कालच्या उकळलेल्या पाण्याचं. भरवसा नसन तं चुलीपाशी बसून पाह्यजा. पाट टाकून देतो.

(सही: रुख्माबाईचा अंगठा. कोकिळा हसते आहे. – रूपराव)


वर्धा
११ जानेवारी १९८०

सौ. रुख्माबाई विहीणबाईंस अनुसयाचा सप्रेम नमस्कार.

हे मुद्दाम पोस्टकार्डावर लिहिते. हिरालाल, ओसरीवर उभं राहून मोठ्याने वाच. विहिरीवर कोणी पाणी भरत असेल, तर त्यांनाही ऐकू जाऊ दे.

मी तुमच्या घरी दोन दिवस राहिले. दोन्ही दिवस तुमच्या माठातलं पाणी प्याले. तुम्ही विसण टाकलंत ते पाटावर बसून पाहिलं. मीरा रोज मला विचारायची, “आजी, इसन झालं का?” आणि मी “झालं” म्हटल्याशिवाय पेल्याला तोंड लावायची नाही. तिला न्यायचा विषय मी पुन्हा काढणार नाही.

तुम्ही भरून दिलेल्या बाटलीतल्या पाण्यात आल्याबरोबर तुरीची डाळ लावली. इतकी मऊ झाली की रवी लागली नाही. वर्ध्याच्या नळाला हे जमत नाही.

पाणी तुमच्या घरचं चांगलं आहे. पावसाळा संपला तरी उकळणं सोडू नका.

बाटली लहान पडली. पुढच्या वेळी मोठी आणीन, रिकामी. हिरालालने चहा घेतल्याशिवाय जाऊ नये.